घर विकायचंय? आधी तसबीर उतरवा!

पाडव्याला पंधरा दिवस उरले होते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, चळवळीतले जुने कार्यकर्ते, ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरातले आपले वन बीएचके घर विकायला निघाले होते. बँकेत शिपाई म्हणून लागलेला हा माणूस हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. १९९८ साली गृहकर्ज काढून त्यांनी हे घर घेतले आणि पुढची वीस वर्षे हप्ते फेडले. आता मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. जूनपर्यंत पैसे उभे करायचे होते.

इस्टेट एजंट घर पाहायला आला तेव्हा आम्ही तिथे बसलो होतो. भिंतींची ओल, बाल्कनी, पाण्याची वेळ, सोसायटीचा मेन्टेनन्स असे सगळे पाहून झाल्यावर त्याची नजर हॉलच्या दर्शनी भिंतीवर गेली. तिथे तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, एक सांगू का? राग मानू नका. गिऱ्हाईक येईल तेव्हा ही तसबीर आतल्या खोलीत ठेवा. पाडव्याचा सीझन आहे, चांगल्या पार्ट्या येतात. उगाच तीन-चार लाखांचा फरक पडतो."

खोलीत शांतता पसरली. काका काही बोलले नाहीत. आतून वहिनींचा आवाज आला, "तसबीर भिंतीवरच राहील. चहा घेऊन जा, दादा."

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. तो एजंट काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने शिवी दिली नाही, अपमान केला नाही. बाजारात जे चालते ते त्याने सांगितले. मग त्या तसबिरीवर तीन-चार लाखांची ही चिठ्ठी कोणी चिकटवली? ती आज चिकटवलेली नाही. तिच्यामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

बाजाराला म्हणे जात नसते

पाडवा साजरा करावा की नाही, हा आपल्यातला वाद इथे बाजूला ठेवू. घरांचा बाजार मात्र पाडव्याचाच आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त म्हणून बिल्डर पानभर जाहिराती देतात. एक एप्रिलपासून रेडी रेकनरचे नवे दर लागू होतील या धास्तीने मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात रांगा लागतात. परीक्षा संपतात, शाळा बदलायच्या असतात, म्हणून कुटुंबे याच दिवसांत घर बदलतात. चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याकडे जुन्या घरांच्या विक्रीलाही असा जोर येतो.

या बाजाराबद्दल आपल्याला एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते. "आता कुठे राहिली जात? पैसा टाका आणि घर घ्या. पैशाला जात नसते." आपले काही शिकलेसवरलेले लोकही हे म्हणू लागले आहेत.

आम्ही एक साधा हिशेब मांडतो. वस्तूचा भाव कसा ठरतो? ती घ्यायला किती जण तयार आहेत, यावर. दहा गिऱ्हाइके असतील तर भाव चढतो. दहापैकी सहा जण दारातूनच परत फिरणार असतील तर उरलेले चार जण भाव पाडून मागतात. गिऱ्हाईक रोखणारी कोणतीही व्यवस्था ही भाव पाडणारी व्यवस्था असते. अस्पृश्यतेकडे आपण अपमानाची व्यवस्था म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण ती मालमत्तेचा भाव पाडणारी व्यवस्थाही होती आणि आहे.

आणखी एक मुद्दा. घराची मालकी म्हणजे नुसते राहण्याचा हक्क नव्हे. राहायला तर भाडेकरूही राहतो, वेठबिगारही राहतो. घर आपले आहे याची खरी कसोटी ते आपल्या मर्जीने, आपल्या भावाने, आपण निवडलेल्या माणसाला विकता येते का, ही आहे. या कसोटीवर आपल्या समाजाचा इतिहास तपासून पाहू.

गाव: जागा होती, मालकी नव्हती

गावकुसाबाहेरच्या महारवाड्याबद्दल, मांगवाड्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते घर विकता येत होते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. समजा, महारवाड्यातल्या एखाद्याला आपले घर विकायचे आहे. घेणार कोण? गावातला मराठा, माळी, ब्राह्मण तिथे राहायला येणार नाही. उरला तो दुसरा महार, म्हणजे आपल्याइतकाच कफल्लक. आणि महाराला गावात घर घ्यायचे म्हटले तर गाव घेऊ देणार नाही. म्हणजे बाजार दोन्ही बाजूंनी बंद. असे घर डोक्यावर छप्पर देते, पण कधीही भांडवल होत नाही. ते विकून मुलाला शहरात शिकायला पाठवता येत नाही. ते गहाण टाकून धंदा काढता येत नाही.

घराचे हे, तर जमिनीचे काय? महारांकडे वतनाच्या जमिनी होत्या. लोक म्हणतात, "तुम्हाला तर जमिनी होत्या!" होत्या, पण कशा? १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने वतनाची जमीन वतनदाराच्या बाहेर कोणाला सरकारच्या मंजुरीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नव्हती. हे बंधन सगळ्याच वतनांना होते, हे खरे. पण पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाबरोबर सत्ता आणि मान येत होता. महाराच्या वतनाबरोबर चोवीस तासांची चाकरी येत होती. सांगावा पोहोचवणे, सरकारी अंमलदाराची सरबराई, गुरे ओढणे, हाक येईल तेव्हा हजर राहणे. घरचा पुरुष नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. जमिनीचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन इतका लहान झाला होता की त्यावर पोट भरत नव्हते. आणि तो विकून मोकळे होण्याची सोय नव्हती.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. 'बहिष्कृत भारता'तून त्यांनी महार वतनावर सविस्तर लिहिले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्याला चाकरीतून सुटायचे आहे त्याला सुटता यावे आणि जमीन मात्र रयतावा करून त्याच्याकडेच राहावी, ही त्यामागची भूमिका होती. विधेयक निवड समितीकडे गेले आणि अखेर १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. पाण्याच्या लढ्याइतकीच ही मालकीची लढाईही बाबासाहेब त्याच दिवसांत लढत होते. आपण पहिली दरवर्षी आठवतो, दुसरी विसरून जातो.

वतने गेली ती स्वातंत्र्यानंतर. १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा झाला, चाकरी संपली. जमिनी ठरावीक रक्कम भरून वतनदारांना परत मिळण्याची तरतूद झाली. पण कोणत्या अटीवर? 'नवीन शर्त' या अटीवर. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा यांच्याशिवाय विक्री नाही. ज्यांना ठरलेल्या मुदतीत रक्कम भरता आली नाही किंवा ज्यांना कोणी सांगितलेच नाही, त्यांच्या जमिनी सरकारच्या नावावर राहिल्या.

इथे आम्ही प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करतो. हे बंधन निव्वळ कपट नव्हते. ते नसते तर अडल्यानडल्या माणसाकडून सावकाराने आणि बागायतदाराने त्या जमिनी दारूच्या बाटलीवर लिहून घेतल्या असत्या. बंधनाने काही जमिनी वाचल्या. पण ज्याला विकता येत नाही त्याला बँक कर्जही देत नाही, हेही तितकेच खरे. आणि शहर वाढत वाढत त्या जमिनीपर्यंत आले, तेव्हा काय झाले? मूळ वारसांकडून किरकोळ पैशांत कुलमुखत्यारपत्रे करून घेतली गेली. परवानगी मिळवण्याची ताकद असलेल्यांच्या हातात तो कागद सोन्याचा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार वर्तमानपत्रांतून गाजला आणि चौकशा सुरू झाल्या. दोषी कोण हे चौकशी ठरवेल. आम्ही एवढेच विचारतो की ज्या जमिनीचा भाव कोटींत बोलला जातो, तिच्या मूळ वतनदारांचे वारस आज कुठल्या वस्तीत राहतात?

शहर: चाळीची खोली आणि जातीची सोसायटी

गाव सोडून आपली माणसे मुंबईला आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या परळच्या चाळीत, पोयबावडीला, चाळ नंबर १ मध्ये बाबासाहेबांनी कित्येक वर्षे काढली. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट आले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. २०७ चाळी आणि १६० चौरस फुटांची एकेक खोली. गिरणी कामगार आणि सरकारी नोकर, मराठा, कोकणी, आपली माणसे, सगळे तिथे आले. पण तिथेही चाळींचे गट पडले. ही चाळ बौद्धांची, ती चाळ सवर्णांची. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. १० जानेवारीला भागवत जाधव शहीद झाले. ज्यांना ही गल्ल्यांची सीमा कागदावर दिसत नाही, त्यांनी तो जानेवारी आठवावा.

या खोल्यांची मालकी कोणाची? सरकारची. आपण भाडेकरू. तीन-चार पिढ्या त्या खोलीत वाढल्या. तिथे लग्ने झाली, बारशी झाली, मुले दहावी-बारावी झाली, आंदोलनांची पत्रके लिहिली गेली. पण खोली विकायची म्हटले तर राजरोस विक्री नव्हती. होता तो नोटरीचा कागद, जोखमीचा आणि म्हणून कमी भावाचा.

याच काळात याच शहरात दुसरीकडे काय घडत होते? १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या सहकारी घरबांधणीची ती सुरुवात मानली जाते. शहरात येणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाने एकत्र येऊन स्वस्तात घर बांधावे, ही कल्पना चांगलीच होती. त्या मंडळींच्या मेहनतीला आम्ही नावे ठेवत नाही. पण 'एकत्र' म्हणजे कोण? आपल्या ज्ञातीचे. दादर-माटुंग्याच्या नव्या वस्त्यांची नावेच पाहा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. ज्यांना सरकारी किंवा ट्रस्टची जमीन, सहकाराचे कर्ज आणि मालकीचा कागद एकाच वेळी मिळाला, त्यांच्या नातवंडांच्या हातात आज कोट्यवधींचे फ्लॅट आहेत. ज्यांना १६० फुटांची भाड्याची खोली मिळाली, त्यांच्या नातवंडांच्या हातात भाडेपावती आली. आज याला 'गुणवत्ता' आणि 'गुंतवणुकीची अक्कल' म्हणतात.

बाबासाहेबांनी विकलेले घर

बडोद्याची गोष्ट आपल्यातल्या लहान मुलालाही पाठ आहे. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने अकराव्या दिवशी बाहेर काढले. मित्रांनी दारे लावून घेतली. त्यांनी काही तास बागेत बसून काढले आणि रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ही गोष्ट आपण रडत रडत सांगतो आणि तिथेच थांबतो.

आम्हाला पुढची गोष्ट सांगायची आहे. ज्याला भाड्याने खोली मिळाली नाही, त्याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले आणि कर्ज काढून दोन इमारती बांधल्या. राहायला आणि ग्रंथांसाठी 'राजगृह', भाड्याने द्यायला 'चार मिनार'. भाड्याच्या उत्पन्नातून कर्ज फेडायचे, असा हिशेब होता. आणि १९४१ च्या मे महिन्यात त्यांनी 'चार मिनार' विकली. देणी फेडायची होती, ग्रंथ घ्यायचे होते.

या व्यवहाराकडे आपण भावनेने पाहतो. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी इमारत विकली, असे म्हणून हात जोडतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांना ती इमारत *विकता आली*. ती त्यांच्या नावावर होती. शहराच्या सवर्ण वस्तीत होती. तिला गिऱ्हाईक होते. म्हणून गरज पडली तेव्हा घराचे पैसे झाले, पैशाची मोकळीक झाली आणि 'राजगृह' हातचे गेले नाही. त्यांचे समकालीन बांधव महारवाड्यात आणि चाळीत असे घर बाळगून होते, जे अडल्या वेळी पै देत नव्हते. अर्थशास्त्राचा हा डॉक्टर मालमत्ता म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकला होता आणि आपल्या घरावरून आपल्याला शिकवून गेला.

आणि त्या 'राजगृहा'वर ७ जुलै २०२० रोजी काय झाले, हेही लक्षात ठेवा. कुंड्या फोडल्या गेल्या, काचा फुटल्या. घर कायद्याने आपले झाले तरी काहींच्या मनाने ते आपले मानलेले नसते.

विकणाऱ्याचेही हात बांधलेले

आता कोणी म्हणेल, संविधान आले, अनुच्छेद १७ आला, मग अडचण कुठे आहे? कायदा खरोखर आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. आपल्यातल्या किती जणांना हे कलम ठाऊक आहे? पाणवठा आणि मंदिर आपल्याला माहीत आहे. घर याच कायद्यात आहे, हे माहीत नाही.

पण त्याच वेळी दुसरे दार उघडे राहिले. अहमदाबादमधल्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सभासदाला आपली मालमत्ता पारशी नसलेल्या माणसाला विकायची होती. संस्थेच्या पोटनियमात सभासदत्व फक्त पारशांना होते. २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. लोकांना आपल्या पसंतीची संघटना करण्याचा हक्क आहे आणि संस्थेत येताना सभासदाने तो नियम मान्य केला होता, हा त्यामागचा तर्क होता.

अल्पसंख्य पारशी समाजाला आपली वस्ती टिकवावी असे वाटणे आम्ही समजू शकतो. पण या तर्काचा लाभ घेणारे फक्त पारशी नाहीत. 'समविचारी', 'समान संस्कृतीचे', 'शुद्ध शाकाहारी' अशा शब्दांच्या आड जी दारे बंद होतात ती कोणासाठी, हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या प्रकरणात आणखी एक धडा आहे. वेगळेपणाची भिंत घेणाऱ्यालाच अडवते असे नाही, विकणाऱ्यालाही अडवते. ज्यांनी भिंत बांधली त्यांचेच घर त्यांना मर्जीने विकता येत नाही. जात माणसाला कोंडते असे आपण म्हणतो, ते केवळ आपल्याबद्दल नाही.

समुद्रापलीकडची तीच तसबीर

१९४६ च्या सुमारास बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची माहिती मागवली होती. पँथरने तर नावच तिकडून घेतले. तेव्हा घरांच्या बाबतीत तिकडे काय झाले, हे पाहणे आपल्या परंपरेला धरूनच आहे.

अमेरिकेत घरविक्रीचा मोठा हंगाम वसंत ऋतूतच असतो. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. लाल म्हणजे कर्जाला धोक्याची वस्ती. खरेदीखतांत अटी घालायचे, की हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये. १९४८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत असे ठरवले. तरी बँका कर्ज देईनात. मग शिकागोत कृष्णवर्णीय कुटुंबे दलालांकडून हप्त्याच्या करारावर चढ्या भावाने घरे घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची आणि एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले. ताबा आहे पण मालकी नाही, ही गोष्ट आपल्याला किती ओळखीची आहे! ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला घरविक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. एका माणसाचे रक्त सांडल्यावर आठवड्याभरात.

तरी संपले का? काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या मरीन सिटीमधल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याने घराचे मूल्यांकन करून घेतले. आकडा आला ९,९५,००० डॉलर. त्यांना शंका आली. त्यांनी आपल्या कुटुंबाची छायाचित्रे उतरवली आणि दुसऱ्या मूल्यांकनाच्या वेळी एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभे केले. आकडा आला सुमारे १४,८२,००० डॉलर. घर तेच, भिंती त्याच. फक्त तसबिरी उतरल्या होत्या.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या सहकाऱ्याच्या हॉलची भिंत आठवली.

मग आपण काय करायचे?

त्या घराचे पुढे काय झाले, ते सांगतो. तसबीर उतरली नाही. पाडव्यापर्यंत पाच-सहा गिऱ्हाइके आली. बहुतेकांनी घर पाहिले, भिंत पाहिली, "कळवतो" म्हणून गेली. एकाने आडनाव दोनदा विचारले. एजंटचे फोन कमी झाले. चौदा एप्रिल झाला, मे उलटला. शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात एका नर्सबाईंनी घर घेतले. त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि पाणी किती वाजता येते, एवढेच विचारले. व्यवहार झाला तो पहिल्या अंदाजापेक्षा साडेतीन लाख कमी भावाने. मुलीची फी भरली गेली, बाकीची तजवीज कर्जाने झाली.

हे साडेतीन लाख तसबिरीमुळे गेले की पाडव्याचा हंगाम उलटल्यामुळे? आम्हाला सिद्ध करता येणार नाही. आजच्या भेदभावाची ताकद नेमकी इथेच आहे. तो "कळवतो" म्हणतो आणि जातो. पंचनामा कशाचा करणार?

पण सिद्ध करण्याची पद्धत आहे. मरीन सिटीच्या जोडप्याने तेच केले. आपल्याकडे डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी हाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. घर तेच, विचारणारे वेगवेगळे, फरक फक्त आडनावाचा. सवर्ण आडनावाला अडचण आली नाही, दलित आडनावाला नकार आणि जाचक अटी मिळाल्या, मुस्लिम नावाला त्याहून जास्त.

तरुण मित्रांनो, हे काम आपल्याला आपापल्या शहरात करता येण्यासारखे आहे. येत्या पाडव्याच्या हंगामात दोन-दोन जणांच्या जोड्या करा. तीच जाहिरात, तेच उत्पन्न, तीच नोकरी, पण दोन वेगळी आडनावे. कोणी काय उत्तर दिले, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. पन्नास नोंदी झाल्या की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो. घरविक्री आणि भाड्यातल्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र, कडक कायदा मागायचा असेल तर हातात हेच लागेल.

दुसरे, कागद सांभाळा. बीडीडी चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळू लागली आहेत. अनेक वस्त्यांत पुनर्विकास चालू आहे. शंभर वर्षांनंतर आपल्या समाजाच्या हातात प्रथमच विकता येईल असे घर पडते आहे आणि दलाल कोऱ्या कागदावर सही घ्यायला दारात उभे आहेत. करारनामा, ताबापत्र, भागदाखला घरातल्या बाईच्या नावासह करून घ्या. विक्रीवर मुदतबंदी असेल त्या काळात कुलमुखत्यारपत्र देऊन घर देऊन टाकू नका. वतनाच्या जमिनी अशाच गेल्या.

तिसरे, सोसायटीला घाबरू नका. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर विकायला सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. सहकारी संस्था कायदा, १९६० चे कलम २३ सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. जात हे 'पुरेसे कारण' नाही. नकार आला तर तो लेखी मागा आणि निबंधकाकडे जा.

आणि चौथे, थोडे कटू. आपल्यातलेच काही जण घर घेताना आडनाव बदलतात, तसबीर कपाटात ठेवतात, पाटीवर फक्त आद्याक्षरे लिहितात. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याने हप्ते भरले आहेत, त्यालाच त्या भीतीची किंमत माहीत. पण प्रत्येक उतरलेली तसबीर पुढच्या एजंटच्या तोंडात ते वाक्य आणखी पक्के करते. वतनाच्या काळात आपल्याला विकण्याचा हक्क नव्हता. चाळीच्या काळात मालकी नव्हती. आज दोन्ही आहेत, पण ओळख लपवण्याच्या अटीवर. ही तिसरी अट आपण स्वीकारली तर पहिल्या दोन लढाया कशासाठी लढलो?

वहिनींनी नवीन भाड्याच्या घरात सामान लावताना पहिला खिळा दर्शनी भिंतीवर ठोकला. त्या घरमालकाने अजून काही विचारलेले नाही. विचारले तर काय सांगायचे आणि कोणते कलम दाखवायचे, हे त्यांना आता माहीत आहे.

जय भीम!